मदत हवी आहे: त्सुम खोरं (नेपाळ), ६४ वर्षांचे पप्पा आणि दोन-तीन अडलेले प्रश्न

त्रिरश्मी

सर्वांना जय भीम, नमस्कार.

नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात, मनास्लू शिखराच्या पूर्वेला, तिबेटच्या सीमेला टेकलेलं त्सुम नावाचं खोरं आहे. तिबेटी बौद्धांचे आद्य गुरू रिनपोचे म्हणजे पद्मसंभवाने संकटकाळासाठी राखून ठेवलेल्या गुप्त खोऱ्यांपैकी हे एक, अशी तिथली श्रद्धा. परदेशी माणसांना ते 2008 मध्ये खुलं झालं. यंदा नोव्हेंबरात मी आणि पप्पा तिथे जायचं म्हणतोय. इथे कोणी जाऊन आलं असेल तर कृपया मदत करा. नेटवर इंग्रजीत ढीगभर माहिती आहे, पण ती बहुतेक युरोपातल्या तिशीतल्या लोकांसाठी लिहिलेली वाटते.

आधी पप्पांविषयी. वय ६४, बँकेतून निवृत्त, नाशिकला असतात. बीपीची एक गोळी चालू आहे, साखर नाही. उजवा गुडघा उतरताना कुरकुरतो, चढताना काही नाही. इगतपुरीला विपश्यनेला जात असतात, त्यामुळे पहाटे उठणं, कमी बोलणं, साधं जेवण याची सवय आहे (कमी बोलणं शिबिराबाहेर लागू नाही). ट्रेकिंग म्हणाल तर कळसूबाई आणि सह्याद्रीतले नेहमीचे किल्ले. हिमालयात कधीच नाही.

त्सुमचं वेड कुठून लागलं? नोव्हेंबर 1956 मध्ये बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते आणि तिथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यावर भाषण केलं, हे आमच्या घरात लहान पोरालाही पाठ आहे. त्यामुळे काठमांडू पप्पांच्या यादीत कधीपासून आहे. त्यात कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं की त्सुममध्ये शंभरेक वर्षांपूर्वी गावांनी मिळून अहिंसेची शपथ घेतली: शिकार नाही, कत्तल नाही, सापळे नाहीत, मध काढायचा नाही, रान पेटवायचं नाही. आणि ती आजही पाळतात म्हणे. आम्ही रोज ‘पाणातिपाता वेरमणी’ (जीवहत्येपासून दूर राहीन) म्हणतो, हे लोक तसे जगतात, मला बघायचंय, असं म्हणून पप्पांनी विषय संपवला.

आता प्रश्न.

१) एका एजन्सीने त्सुम आणि मनास्लू अशा दोन्ही परमिटांचे पैसे लावलेत. आम्हाला मनास्लूच्या वाटेवरच्या लार्क्या खिंडीकडे जायचंच नाही. तरी दोन्ही लागतात का? भारतीयांना काही सूट?

२) त्यांच्या कार्यक्रमात वाटेतल्या जगत गावाहून थेट त्सुममधलं चुमलिंग एका दिवसात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वरचं छोकांग पारो असं आहे. पप्पांना झेपेल?

३) तारखा. दसऱ्याला पप्पा दीक्षाभूमीवर असतात, ते बदलणार नाही. त्यानंतर लगेच निघावं की थांबावं?

४) हा प्रश्न जरा वेगळा आहे. पप्पा बावीस प्रतिज्ञा मानणारे, कर्मकांडाचा तिटकारा असलेले. तिथे लोण्याचे दिवे, भिंतीवर उग्र देवता, मंत्राची चक्रं, अवतारी लामा. लडाखचे फोटो बघूनच म्हणाले होते, बुद्ध म्हणाला ‘अत्त दीप भव’ (स्वतःच स्वतःचा दिवा हो), मग हे एवढे दिवे कशाला? एवढे पैसे घालून, एवढं चालून तिथे त्यांचा हिरमोड झाला तर मला वाईट वाटेल. नवयानी, म्हणजे बाबासाहेबांच्या वाटेने बौद्ध झालेल्या, घरातलं कोणी तिकडे गेलंय का?

---

घाटवाटा

त्सुम केलंय, लिहितो.

परमिट: फक्त त्सुमसाठी मनास्लूचं निर्बंधित क्षेत्राचं परमिट लागत नाही. फिलिमच्या पुढे वाट फुटते, डावीकडची डेंगमार्गे मनास्लूला आणि उजवीकडची लोक्पामार्गे त्सुमला. तुम्ही उजवीकडे वळणार. तुम्हाला दोन गोष्टी लागतात. एक, त्सुमचं निर्बंधित परमिट: सप्टेंबर ते नोव्हेंबर पहिल्या आठवड्याला ४० डॉलर आणि पुढे रोजचे ७ (डिसेंबर ते ऑगस्ट ४० च्या जागी ३०). दुसरं, मनास्लू संरक्षण क्षेत्राचा प्रवेश. नावात मनास्लू असलं तरी हा वेगळा. त्यात सार्क देशांना सूट आहे, आपल्याला 1000 नेपाळी रुपये, बाकी परदेश्यांना 3000. निर्बंधित परमिटात मात्र भारतीय म्हणून सूट नाही. मनास्लूचं परमिट या दिवसांत आठवड्याला १०० डॉलर आहे, म्हणजे दोघांचे २०० डॉलर उगाच जात होते. एजन्सीला सरळ विचारा.

दहा दिवस धरले तर माणशी ४० अधिक २१, म्हणजे ६१ डॉलर. त्यामुळे दिवस वाढवायला कचरू नका. पप्पांसाठी एक जास्तीचा दिवस सात डॉलरला मिळतोय, त्याहून स्वस्त औषध नाही.

परमिट नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतं आणि गाईड सक्तीचा आहे.  एरवी नेपाळला मतदार ओळखपत्र चालतं, पण या कामाला पासपोर्टच न्या.

वाट: काठमांडू ते माछाखोला जीप. अख्खा दिवस जातो आणि शेवटचा रस्ता हाडं खिळखिळी करतो. माछाखोला 900 मीटरच्या आसपास, म्हणजे पहिले दोन दिवस हिमालय कमी आणि कोकण जास्त. बुढी गंडकीच्या घळीतून चालायचं, घामाच्या धारा. सगळे गरम कपड्यांची खरेदी करतात आणि सुती टीशर्ट विसरतात. जगतहून चुमलिंग एका दिवसात नको. लोक्पाला (1905 मीटर) मुक्काम करा. लोक्पा ते चुमलिंग जंगलातून, कड्याच्या पोटातून वाट आहे. तिथे घाई करण्यात मजाही नाही आणि शहाणपणाही नाही.

खेचरांचे तांडे येतात. घंटा ऐकू आल्या की डोंगराच्या बाजूला चिकटून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही. खेचराच्या पाठीवरचा सिलिंडर माणसाकडे बघत नाही. हे पप्पांकडून घोकून घ्या.

---

डॉ_कंटाळा

डॉक्टर आहे, पण हा सल्ला म्हणजे तपासणी नव्हे.

त्सुमची उंची पहिल्यांदा जाणाऱ्याला तशी दयाळू आहे. मुक्कामाचं सर्वात उंच ठिकाण मू गोम्पा (गोम्पा म्हणजे मठ), 3700 मीटर. अडचण एकाच टप्प्यात आहे: चुमलिंग साधारण 2400, छोकांग पारो 3000 च्या थोडं वर. एका दिवसात सहाशेच्या वर मीटर, आणि शेवटचा चढ छातीवर येणारा. म्हणून छोकांग पारोला दोन रात्री. मधल्या दिवशी लोळत पडू नका, थोडं वर चढून खाली येऊन झोपा. 3000 च्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा साधा नियम. पुढे राचेन 3240, नीले 3360, मग मू. हे बरोबर बसतं.

बीपीची गोळी तिथे बंद करायची नाही. तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे का ते बघा, कारण उंचीच्या त्रासावरचं डायमॉक्सही तेच करतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर डायमॉक्सबद्दल आधी बोला. निघण्यापूर्वी हृदयाची स्ट्रेस टेस्ट करून घ्या. आणि प्रवास विम्यात ट्रेकिंगची उंची किती मीटरपर्यंत धरलीय आणि हेलिकॉप्टर आहे का, ही दोन वाक्यं शोधून वाचा. बाकी पॉलिसी नाही वाचली तरी चालेल.

डोकं दुखतंय आणि भूक नाही, तर वर जायचं नाही. पप्पा विपश्यनेवाले आहेत म्हणून मुद्दाम सांगतो: तिथे वेदनेकडे तटस्थपणे बघत बसायचं नाही, लगेच सांगायचं.

---

जुनं_खेचर

कशाला एवढा खटाटोप? स्पितीला न्या. ताबोचा मठ 996 सालचा, गाडी दारात जाते, आपल्याला परमिटचा त्रास नाही, भिंतींवरची चित्रं बघून डोळे निवतात. गुडघ्याचीही काळजी नाही.

---

त्रिरश्मी

@जुनं_खेचर, स्पिती सुचवून पाहिलं. उत्तर आलं, ‘गाडीतून उतरून भिंत बघायची तर इथे त्रिरश्मी लेणी काय वाईट आहे?’ त्यांना चालतच जायचंय.

@घाटवाटा, @डॉ_कंटाळा, खूप आभार. स्ट्रेस टेस्टची वेळ घेतलीय. एजन्सीला मनास्लू परमिटबद्दल विचारलं, तर ‘हो हो, कॉमन पॅकेजमध्ये असतं, काढून देतो’ असं गोड उत्तर आलं.

तारखा आणि चौथा प्रश्न अजून लटकलेत.

---

मैत्रेयी_पु

तारखांचं सोपं आहे. आपल्या दसऱ्याच्या सुमारास तिकडे दशैं असतो. अर्धं काठमांडू गावी जातं, गाड्या तुडुंब, गाईड-पोर्टरनाही घरी जायचं असतं. मग तिहार, म्हणजे आपली दिवाळी. ती झाली की निघा. हवा स्वच्छ, गणेश हिमालची शिखरं समोर लख्ख. फक्त मू गोम्पाला रात्री पाणी गोठतं, चांगली स्लीपिंग बॅग हवी.

आता चौथा. मी नवयानी घरातली आहे आणि आईला घेऊन त्सुमला गेले होते. आई माझ्यापेक्षा कडक.

हिरमोड होईल का? पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा होईल, खोटं कशाला सांगू. आपण बुद्ध, धम्म, संघ अशी तीन शरणं म्हणतो, तिकडे त्यांच्याआधी लामाला शरण जायची पद्धत आहे. आईला ते कळल्यावर तिने गाईडला थांबवून तासभर उलटतपासणी घेतली. राचेनला, जिथे भिक्षुणी राहतात, तिने दिवा लावला नाही. कोणी आग्रहही केला नाही. पहाटेच्या पाठाला मागे भिंतीला टेकून बसली, आनापान (श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान) केलं आणि उठली. एका म्हाताऱ्या अनींनी, म्हणजे भिक्षुणीने, चहा ओतला, मीठ-लोण्याचा. आईने चेहरा न हलवता तो संपवला, आणि रिकामा पेला दिसताच त्यांनी परत भरला. पप्पांना सांगून ठेवा, पुरे असेल तर पेला भरलेलाच ठेवायचा, निघताना संपवायचा.

पण पप्पांना जे बघायचंय ते गोम्पात नाही, वाटेवर आहे. त्या शपथेला ते शाग्या म्हणतात. कड्यांवर मधाची पोळी लटकलेली असतात आणि खाली दोर नाही की धूर नाही. ढोरं म्हातारी होऊन मरतात. जेवणात डाळभात, बटाटे, जवाचं सातू, फापराच्या पिठाच्या भाकऱ्या. चिकनची आशा ठेवून जाऊ नका. आईने एका घरात विचारलं की शपथ मोडली तर काय? उत्तर आलं, गावाला दंड भरावा लागतो. देवाचा कोप वगैरे काही नाही, दंड! आई एवढी खूष झाली की विचारू नका. गावाने ठरवलेला आणि गावाने राखलेला नियम म्हटल्यावर तिला तो एकदम ओळखीचा वाटला.

गुरू रिनपोचेंच्या कथा गाईड सांगेलच, तिबेटी योगी मिलारेपाने ध्यान केलं म्हणतात ती पिरेन फूची गुहाही दाखवेल. पप्पांनी वाद घालायचा असेल तर खुशाल घालू दे, तिकडच्या मठांत वादविवाद हा अभ्यासाचाच भाग आहे. राचेन आणि मू या दोन्हींचा काठमांडूच्या कोपन मठाशी संबंध आहे. जाण्याआधी कोपनला एक दुपार घालवलीत तर पप्पांच्या निम्म्या शंका तिथेच इंग्रजीत निघतील.

रीत एवढीच: मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) आणि चोर्तेन (स्तूप) नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, बूट बाहेर, मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, आत फोटो विचारून. आणि जुन्या फोटोंवर जाऊ नका. 2015 च्या भूकंपाचं केंद्र याच जिल्ह्यात, बारपाकला होतं. दगडी घरांवर आता बऱ्याच ठिकाणी निळे पत्रे दिसतात.

---

त्रिरश्मी

मैत्रेयीताई, तुमचा प्रतिसाद पप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. दंडाच्या वाक्यावर थांबवून पुन्हा वाचायला लावलं. आता ते गाईडला विचारायच्या प्रश्नांची वही करतायत. बिचारा गाईड.

एक नवीन फाटा फुटलाय. विमान नको, नाशिकरोडहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सीमेवरचं सोनौली, लुंबिनी, मग काठमांडू असं जाऊ म्हणतात. ट्रेकच्या आधी एवढी दगदग ठीक आहे का?

---

घाटवाटा

लुंबिनी करा, पण ट्रेकनंतर. गोरखपूर, सोनौली, बस आणि लगेच माछाखोलाची जीप म्हणजे पप्पा चालायच्या आधीच दमतील. जाताना विमान, येताना लुंबिनीला दोन दिवस निवांत आणि रेल्वेने घरी. तोवर कुशीनगरचं परतीचं तिकीट काढून ठेवा, दिवाळीनंतर त्या गाडीला उभं राहायला जागा नसते.

पैसे नेपाळी रोख न्या (आपल्या १०० चे त्यांचे १६०), वरच्या गावांत एटीएम विसरा. सिम नेपाल टेलिकॉमचं.

---

डॉ_कंटाळा

गुडघ्यासाठी: आतापासून आठवड्यातून चार दिवस त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या, पाठीवर पाच किलो. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा, हळू, पाय न आपटता. चुमलिंगहून परत येताना दगडी पायऱ्यांवर तोच कामाला येतो. काठ्या दोन घ्या, एक नको, आणि सामानाला पोर्टर ठेवा. पप्पा नाही म्हणतील, तरी ठेवा.

---

त्रिरश्मी

पोर्टरला नाहीच म्हणालेत. ‘दुसऱ्याच्या पाठीवर माझं ओझं कशाला?’ यावर कोणाकडे उत्तर आहे का?

---

मैत्रेयी_पु

आईचाही हाच मुद्दा होता. पोर्टरशीच बोलायला लावलं. त्याने सांगितलं की सीझनमध्ये ओझं मिळालं नाही तर घरी पैसे जात नाहीत. मग तिने मजुरी किती, त्याचा विमा कोणी काढलाय, त्याला गरम जाकीट आणि धड बूट आहेत का, ओझं जास्तीत जास्त किती किलो, हे सगळं एजन्सीकडून लेखी घेतलं. पप्पा बँकेतले आहेत, त्यांना हे काम द्या.