छोटीची जीन थेरपी आणि एक विनंती

नमस्कार मंडळी,

गणपतीत छोटीला बघून बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळ्यांना लिहितेय. साडेतीन वर्षांची झाली पण अजून मान धरत नाही. दर दोन-तीन दिवसांनी डोळे वर फिरतात ते तासन् तास तसेच, अंग ताठ, घामाने नुसती निथळते. दोन वर्षं कधी फिट्स कधी सेरेब्रल पाल्सी म्हणून औषधं चालू होती. शेवटी पाठीतलं पाणी तपासलं, मग जीन टेस्ट, तेव्हा कळलं की एएडीसी डेफिशियन्सी आहे, म्हणजे डीडीसी जीनमध्ये दोष, त्यामुळे डोपामिन आणि सेरोटोनिन ही मेंदूतली निरोप पोचवणारी रसायनं जवळजवळ बनतच नाहीत.

यावर आता ऑपरेशन आहे. कवटीला बारीक भोकं पाडून, ज्याने आजार होत नाही अशा व्हायरसमधून चांगला जीन मेंदूतल्या पुटामेनमध्ये, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या भागात, सोडतात. सुरुवातीचं काम तैवानमधलं, युरोपात २०२२ ला मंजुरी, इथे अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ ला, तीही अ‍ॅक्सिलरेटेड, म्हणजे खरंच किती उपयोग होतो हे कंपनीला अजून दाखवायचंय. फार थोड्या मुलांना दिलंय, माहितीये मला. पण त्यातली काही मान धरायला लागली, काही बसायला लागली. तिने धावावं असं मी मागतच नाहीये हो, माझ्या मांडीवर मान उचलून माझ्याकडे बघावं एवढंच.

आणि विनंती ही की स्टेम सेल क्लिनिकच्या जाहिराती पाठवू नका प्लीज. प्रेमाने पाठवता, पण हिचा आजार जीनचा आहे, त्या इंजेक्शनांनी तो जीन बदलत नाही, आणि प्रत्येक जाहिरात आली की पुण्याला सासूबाई रात्र रात्र जागतात.

छोटीची आई

उत्तर:

अगं, वाचून डोळे भरून आले. मी मुलांच्या वॉर्डात नर्स होते म्हणून एक सांगते, ऑपरेशननंतर पहिले काही महिने हातपाय भलतेच वळवळतात, झोप उडते, तेव्हा घाबरू नकोस, नवीन डोपामिनची मेंदूला सवय नसते म्हणून होतं ते, बहुतेकदा हळूहळू कमी होतं. त्यावर काय देणार ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव. आणि त्या दिवसांतला डबा माझ्याकडे, नाही म्हणायचं नाही.

उत्तर:

मावशी, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, लगेच लिहून घेतलं. मंगळवारी स्कॅन आहे, कवटी पुरेशी तयार आहे का बघणारेत. डब्यात मऊ वरणभात द्या, तेवढाच ती नीट गिळते.