नऊ शिट्ट्या झाल्या तरी हरभरा कडक!

कोल्हापूरच्या एका सोसायटीचा ग्रुप. मंगळवार, रात्री ८.१०

बी-३०२ वहिनी: कुणाकडं वाटीभर शिजवलेलं कडधान्य आहे का? कुठलंही चालेल. हरभऱ्याची उसळ लावली होती, नऊ शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली खडाच. मुलं ताटावर बसून आहेत.

ए-२०३ काका: त्या नऊ शिट्ट्या तुमच्या होत्या व्हय! मला वाटलं कुणाकडं तरी मटण शिजायलंय. खिडकीत जाऊन वास घेऊन आलो.

ए-१०१ आज्जी: हरभरा कधी भिजत घातलावतास?

बी-३०२ वहिनी: सकाळी आठला. बारा तास झाले की आज्जी. टोमॅटो, चिंचेचा कोळ, चटणी, सगळं घालून एकदमच कुकरला लावलं. म्हटलं वेळ वाचेल.

ए-१०१ आज्जी: तिथंच घात झाला. चिंच पडली की दाणा हट्टाला पेटतो. आधी नुसता शिजवायचा, दोन बोटांत चेपला गेला पाहिजे, मग आंबट. नातवाकडनं मटकीची उसळ पाठवतो, पोरांना वाढ.

बी-३०२ वहिनी: आज्जी देवासारख्या धावलात. (पुण्याहून येऊन सहा महिने झाले, पण तुम्ही ‘पाठवतो’ म्हणालात की अजून एक क्षण आजोबा बोलतायत असं वाटतं.)

बी-४०४ सर: आज्जी म्हणतात ते बरोबर आहे. दाण्याच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना ते विरघळतं आणि दाणा मऊ पडतो. आंबटात ते नीट विरघळत नाही. त्यात शनिवारपासून टाकीत बोअरचं पाणी आहे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त, ते पेक्टिनला अजून घट्ट बांधतं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तेच.

सेक्रेटरी: नळाला पाणी कमी येतंय. बोअर सोडणार म्हणून शुक्रवारीच मेसेज टाकला होता. कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय घ्यावेत.

ए-२०३ काका: पाणी सोसायटीचाच विषय हाय की ओ.

ए-३०१ दादा: चिमूटभर सोडा टाका, विषय संपला.

बी-४०४ सर: सोड्यानं मऊ होतो, पण बी-१ जीवनसत्त्व नासतं, आणि जरा जास्त पडला की लगदा आणि साबणासारखी चव. त्यापेक्षा भिजवतानाच मीठ घाला.

बी-१०२ ताई: मीठ? मिठानं कडधान्य शिजत नाही म्हणतात ना?

ए-१०१ आज्जी: मी पण तेच म्हणतो. मीठ शेवटी.

बी-४०४ सर: आज्जी, माफ करा, पण इथं आपण सगळेच चुकत आलोय. उद्या करूनच दाखवतो.

बुधवार, सकाळी १०.४५

बी-४०४ सर: लक्ष्मीपुरीतनं आणलेला हरभरा, एकाच पिशवीतला. चार वाट्या, प्रत्येकीत ५० ग्रॅम. काल रात्री दहाला भिजवला. पहिलीत बोअरचं पाणी. दुसरीत फिल्टरचं, आर.ओ.चं. तिसरीत बोअरचं पाणी आणि सपाट चमचाभर मीठ. चौथीत बोअरचं पाणी, शिजवताना चिंचेचा कोळ. सकाळी भिजवलेलं पाणी ओतून दिलं, दाणे धुतले. दुसरी वाटी फिल्टरच्या पाण्यात, बाकी तिन्ही बोअरच्याच पाण्यात. चार शिट्ट्या, मग बारीक गॅसवर दहा मिनिटं. कुकरात चारही मावेनात म्हणून दोन खेपा केल्या.

फिल्टरचा: लोणी. मिठातला: दाणा अख्खा, साल मऊ, चेपला की आत एकसारखा. नुसत्या बोअरचा: साल सुटून वर आलं, आत पिठूळ. चिंचेचा: गोट्या खेळा.

मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं, म्हणून साल लवकर मऊ पडतं. मिसेसचा प्रश्न आहे की या शास्त्राच्या सिलिंडरचे पैसे कोण देणार.

ए-१०१ आज्जी: मिठातला नातवानं आणून दिला. खाल्ला. बरा हाय. म्हणजे सासूनं इतकी वर्षं मला मिठावरनं बोललेलं वायाच गेलं म्हणायचं.

बी-३०२ वहिनी: 😂😂 आज्जी!

ए-१०१ आज्जी: हसू नको. अजून एक ऐक. काय बी केलंस तरी चार दाणे तसेच राहत्यात. त्याला गणंग म्हणत्यात. मटकीत आणि हुलग्यात लई. भिजल्यावर ताटात पसरायचं, जो फुगला नाही तो वेचून काढायचा. मोड आणताना तर आधी गणंग काढ.

बी-४०४ सर: हो, त्यांचं साल पाणी आतच घेत नाही. आणि फार जुना, उन्हाळाभर डब्यात राहिलेला माल असला तर मग मीठही फारसं ऐकत नाही.

बी-३०२ वहिनी: आणि मोडांचं काय? या हवेत माझी मटकी चिकट होते, वास येतो.

ए-१०१ आज्जी: पावसात फडक्यात घट्ट बांधून ठेवू नको. चाळणीत पसर, वर ओलं फडकं, दिवसात दोनदा धू. मोड बोटाच्या पेराएवढे कशाला पाहिजेत? दाणा फुटून टोक दिसलं की झालं.

बी-१०२ ताई: आणि कच्चे मोड नका देऊ मुलांना, विशेषतः पावसाळ्यात. त्या ओल्या ऊबेत जंतूही तितकेच वाढतात. पाच-सात मिनिटं वाफवा.

दुपारी १.२०

ए-२०३ काका: आता माझं ऐका. डॉक्टरांनी मटण महिन्यातनं एकदा म्हणून सांगितलंय. एकदा! कोल्हापुरात! आखाड निम्मा सुद्धा झाला नाही. वर म्हणाले प्रथिनं डाळीतनं घ्या. आमच्यात रोज आमटी असते की.

बी-१०२ ताई: काका, आमटीला डाळ किती लागते तुमच्याकडं?

ए-२०३ काका: थांबा, काट्यावर घालतो. … पाच माणसांत एक वाटी, १५० ग्रॅम. तीच संध्याकाळी गरम करून.

बी-१०२ ताई: म्हणजे माणशी दिवसाला ३० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ ला जो आहार सांगितलाय त्यात २००० कॅलरीच्या ताटाला रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य आहे, कोरडं वजन. आपली आमटी म्हणजे फोडणीचं पाणी, त्यात डाळ पोहायला येते. आमटी घट्ट करा, आणि दुसऱ्या जेवणाला उसळ. (किडनीचा त्रास किंवा युरिक ॲसिड असेल त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारा.)

ए-२०३ काका: उसळीनं तांबडा-पांढऱ्याची तहान भागते व्हय?

ए-१०१ आज्जी: भागते. आमच्या घरात माळकरी होते, त्यांच्या पंगतीला करायचो. पांढरी चवळी घे, रात्री भिजव. सकाळी आलं-लसूण ठेचून, मीठ, चमचाभर तूप घालून भरपूर पाण्यात शिजव. चवळी फुटायच्या आत उतर आणि पाणी गाळून घे. ती तुझी आळणी, मटण शिजवलेल्या पाण्याच्या जागी.

ए-२०३ काका: चवळीची आळणी!! आज काय काय ऐकायला लागणार हाय.

ए-१०१ आज्जी: गप ऐक. दुसऱ्या पातेल्यात तूप, दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी. तीळ, खसखस आणि चार काजू भिजवून गंधासारखं वाटलेलं त्यात परत, रंग बदलू द्यायचा नाही. मग आळणी ओत, उकळू दे. अर्ध्या नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आणि ते घातल्यावर उकळी आणायची नाही, फाटतं. पातळच पाहिजे, वाटीनं प्यायचा. उरलेल्या चवळीचा तांबडा कर: कांदा-खोबरं भाजून वाटण, आपली घरची चटणी. तेल दोन पळ्या घातलंस तर कट येईल, पण मग डॉक्टरकडं माझं नाव सांगू नको.

बी-१०२ ताई: पांढरा रविवारी एकदा ठीक. नारळाचं दूध रोज नको. रोजच्याला अख्खा मसूर, तासभर भिजला तरी पुरे आणि न भिजवता पण शिजतो. उसळीवर लिंबू पिळा, म्हणजे उसळीतलं लोह अंगी लागतं. आणि मिसळ संपली की लगेच चहा मागवायची सवय सोडा, चहानं तेच लोह शोषलं जात नाही.

ए-३०१ दादा: मसूर बरा. हरभरा खाल्ला की ऑफिसात मीटिंगमध्ये पंचाईत होते.

ए-२०३ काका: तरीच परवा लिफ्टमध्ये…

बी-४०४ सर: त्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या पचवायचं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नाही, मग मोठ्या आतड्यातले जंतू त्या खातात आणि गॅस करतात. भिजवलेलं पाणी ओतून दिलं की त्यातल्या बऱ्याच निघून जातात, मोड आणले की अजून कमी. शिजवलेलं पाणी मात्र ठेवा, त्यात चव आहे.

ए-३०१ दादा: भावानं होस्टेलवर राजमा इलेक्ट्रिक केटलमध्ये केला होता. अर्धाकच्चा खाल्ला, रात्रभर उलट्या.

बी-४०४ सर: राजम्याशी खेळू नका. कच्च्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, कोमट आचेवर ते जात नाही. भिजवून, पाणी बदलून, खळखळून निदान दहा मिनिटं उकळलाच पाहिजे. कुकरमध्ये नीट शिजला तर भीती नाही.

बी-३०२ वहिनी: आणि भिजवायचंच विसरलं तर?

बी-४०४ सर: दाणे पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळा, गॅस बंद, झाकण घालून तासभर ठेवा. मग पाणी बदलून कुकर.

ए-१०१ आज्जी: नाहीतर हुलग्याचं पीठ डब्यात पाहिजे. भाजलेल्या हुलग्याचं पीठ, गूळ, सुंठ, झालं माडगं. २०१९ च्या पुरात हायवे बंद, भाजी नाही, दूध नाही, तवा याच डब्यांवर दिवस काढले. वरच्या दोन मजल्यांना पण मीच मसूर दिलावता.

सेक्रेटरी: ते खरं आहे. मीही खाल्लाय.

शुक्रवार, सायंकाळी ६.०५

ए-२०३ काका: काल पांढरा केला. मिसेसनं मला न सांगता पाहुण्यांना वाढला. दोघांनी विचारलं, मटण कुठनं आणलं. मी खालच्या चौकातनं म्हणून सांगितलं.

बी-३०२ वहिनी: माझा पण हरभरा जमला! मिठात भिजवला, आधी नुसता शिजवला, चिंच शेवटी. मुलांनी दोनदा घेतला. उद्यासाठी वाटाणा भिजवतेय.

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. टँकर आला आहे, टाकीत सोडत आहोत.

बी-३०२ वहिनी: अरे वा! मग आता मीठ नको ना? टँकरचं पाणी कुठलं आहे?

सेक्रेटरी: ड्रायव्हरला विचारून सांगतो.

सेक्रेटरी: बोअरचंच आहे.

ए-१०१ आज्जी: मीठ घाल ग.