एडिटर ठरवा, पुण्याचे लेख अडकलेत

प्रेषक: चिटणीस

मंडळी, बैठकीत पुन्हा तेच गुऱ्हाळ झालं: संकेतस्थळावर मजकूर लिहायला एडिटर कोणता घ्यायचा? सीकेएडिटर ४ चे मोफत अपडेट जून २०२३ मध्येच संपले, तरी आपण तोच रेटतोय. पुण्याहून दिवाळी अंकाचे अकरा लेख आलेत. चिकटवायला गेलं की वर्डच्या छुप्या खुणांचा कचरा सोबत येतो. ट्रिक्स, क्विल की टायनीएमसीई? शनिवारपर्यंत एक नाव हवं.

प्रेषक: संकेतस्थळ समिती

ट्रिक्स बाद, चिटणीसकाका. त्यात तक्ता नाही आणि मथळ्याची एकच पातळी. वर्षाच्या कार्यक्रमांचं पान मग कशात करायचं? क्विल २ सुटसुटीत आहे, पण तक्ता जेमतेम, आणि मजकूर तो स्वतःच्या डेल्टा साच्यात धरतो. आपलं संकेतस्थळ चालवणाऱ्या पीएचपीला सरळ एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा मजकूर, हवं.

टायनीएमसीई ७ घ्या, आपल्याच सर्व्हरवर ठेवा. लायसन्स कीच्या जागी 'जीपीएल' (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) लिहिलं की काम झालं. एंटिटी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कशी साठवायची ते, 'रॉ' (जशीच्या तशी) ठेवा. ते 'न्यूमरिक' केलं तर एका 'म' च्या जागी २३५० हा आकडा खुणांसकट सात बाइट खातो, आणि शोध तर चालतच नाही. बटणं सातच: मथळा, ठळक, तिरका, यादी, दुवा, चित्र, तक्ता. फॉन्ट, आकार, रंग नको.

प्रेषक: खजिनदार

फुकट आहे ना? एवढंच सांगा.

प्रेषक: दिवाळी अंक

आकार नको म्हणजे? अंक कसा दिसावा हे अंक समिती ठरवते, असं आधीच ठरलंय. कवितांच्या ओळी आत-बाहेर असतात. तुमच्या सात बटणांत त्या कशा बसवायच्या?

प्रेषक: संकेतस्थळ समिती

खजिनदार, हो, फुकट.

ताई, ओळ आत घ्यायला आकार लागत नाही. एंटर मारलं की नवा परिच्छेद होतो म्हणून ओळी फाकतात; शिफ्ट धरून एंटर मारा. सुरुवातीच्या मोकळ्या जागा ब्राउझर गिळतो, त्यासाठी 'कविता' नावाची शैली करून देतो, तिच्यात व्हाइट-स्पेस 'प्री-रॅप', म्हणजे मोकळ्या जागा तशाच राहतात. मजकूर निवडा, शैली लावा, झालं. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सोय मात्र मागू नका, शिरोरेषा तुटते.

प्रेषक: माजी अध्यक्ष

एडिटर हवाच कशाला? साधी चौकट द्या, मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांनी मजकूर सजवणं, शिकवा. दोन फुल्या टाकल्या की ठळक. आमच्या वेळी सगळं हातानेच लिहायचो.

प्रेषक: दिवाळी अंक

काका, लेखक सत्तरीचे आहेत. फुल्या तुम्ही टाकणार का?

प्रेषक: पुणे, अक्षरजुळणी

इथून दोन गोष्टी, कारण घोळ एडिटरच्या आधीच सुरू होतो.

अकरापैकी चार लेख जुन्या फॉन्टांत आहेत. सदाशिव पेठेतले जुळणीवाले अजून श्रीलिपी, कृतिदेव वापरतात. त्या फाइलीत अक्षरं रोमनच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. एडिटरने फॉन्ट काढला की कृतिदेवमधलं 'मराठी' उघडं पडतं: ई जे के बी एच. हा कचरा नव्हे, हाच मजकूर. ते चार लेख युनिकोडमध्ये बदलून मगच पाठवते. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावे लागतात.

दुसरं, सर्व्हरवर कोणीतरी 'अदृश्य अक्षरं काढा' असं लिहून ठेवलंय. त्यात झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्हही जातं. काही कीबोर्ड 'ऱ्य' लिहिताना साध्या र ला हलंत देऊन पुढे तोच टाकतात. तो गेला की 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होतं, 'खोल दऱ्या' चं 'खोल दर्या'. गणपतीच्या पानावर 'आचाऱ्यांचे आभार' होतं, तिथे आता 'आचार्यांचे आभार' आहे. एडिटर कुठलाही आणा, ही ओळ काढल्याशिवाय सुटका नाही. किंवा र ची ती सगळी जोडणी नुक्त्याच्या ऱ मध्ये बदलून घ्या, मग जॉइनर लागतच नाही.

प्रेषक: माजी अध्यक्ष

गणपतीला आचारी तिघे होते, आभार दोघांचेच मानलेत. ते कधी बघणार?

प्रेषक: संकेतस्थळ समिती

ती ओळ आमचीच. शून्य रुंदीची मोकळी जागा काढायची होती, काढायच्या अक्षरांचा पट्टा दोन घरं जास्त घेतला. आज काढतो. बाहेरून आलेल्या एचटीएमएलची चाळणी सर्व्हरवर राहीलच, एडिटरची सफाई फक्त ब्राउझरात होते. पीएचपीच्या टॅग काढणाऱ्या स्ट्रिप टॅग्जवर भागवू नका: टॅग परवानगीतला असेल तर त्याला चिकटलेला ऑनक्लिक, म्हणजे क्लिक केल्यावर चालणारा कोड, तसाच आत येतो. त्यासाठी एचटीएमएल प्युरिफायर ही चाळणी लावतोय.

आणखी एक. डेटाबेसमधला लेखाचा रकाना 'टेक्स्ट' प्रकारचा आहे, म्हणजे ६५,५३५ बाइट. देवनागरीत काना-मात्राही वेगळा मोजला जातो, प्रत्येकी तीन बाइट. नुसतं 'पुणे' बारा बाइटचं. साडेतीन हजार शब्दांच्या आसपास रकाना भरतो, आणि डेटाबेसचा कडक तपासणीचा स्ट्रिक्ट मोड बंद असल्याने पुढचं न सांगता कापलं जातं. शेवट नाही म्हणून ज्या कथेची तक्रार आली होती, ती अशीच कापली गेली. रकाना मोठा, 'मीडियमटेक्स्ट', करतो. चित्रं चिकटवणं बंद. ती बेस ६४ होऊन, म्हणजे अक्षरांत बदलून, मजकुरातच बसतात आणि एक तृतीयांश फुगतात. चित्र वेगळं चढवा.

प्रेषक: दिवाळी अंक

म्हणजे लेखक नवकथा लिहीत नव्हते! कापलेला भाग पुण्याहून पुन्हा मागवा.

प्रेषक: चिटणीस

टायनीएमसीई, सात बटणं, अधिक 'कविता'. पुण्याचे सात लेख आज चढवा, चार मागाहून. आणि ते 'आचार्य' आधी दुरुस्त करा, तिसरं नावही घाला. आचार्यांचं व्याख्यान कधी आहे म्हणून दोघांनी विचारलंय.