कंपनीने मेडिकल मागितलीय, रिपोर्ट कुणाकुणाला द्यायचा?

प्रेषक: चिटणीस
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

खालचा प्रश्न इथे जपानमध्येच राहणाऱ्या आपल्या एका सभासद ताईंचा आहे. विषय तब्येतीचा आहे, म्हणून नाव काढून पाठवतोय. त्या कोण असतील याचे अंदाज कृपया लिस्टवर बांधू नका. भाडेकराराच्या वेळी तेच झालं होतं.

"एप्रिलपासून मी एका हाकेन कंपनीतर्फे, म्हणजे माणसं दुसरीकडे कामाला पाठवणाऱ्या कंपनीतर्फे, एएलटी (इंग्रजीची सहाय्यक शिक्षिका) म्हणून रुजू होतेय. शाळा सरकारी, पगार कंपनी देणार. नाइतेई, म्हणजे नोकरी देत असल्याचा होकार, मिळाली, करारावर सह्या झाल्या. आता त्यांनी केन्को शिन्दानचा, म्हणजे आरोग्य तपासणीचा, फॉर्म पाठवलाय. एक्स-रे, रक्तदाब, ईसीजी, लघवी, हे ठीक आहे. पण छापील यादीच्या खाली कंपनीने स्वतः टाइप केलेल्या ओळी आहेत: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही. मागच्या पानावर 'सध्या चालू असलेली सर्व औषधे' आणि 'मानसोपचार घेतले आहेत का' असे रकाने. पूर्ण रिपोर्ट स्कॅन करून को-ऑर्डिनेटरला मेल करायचा आणि एक प्रत शाळेच्या क्योतो-सेन्सेईंना (उपमुख्याध्यापकांना) द्यायची. खर्च माझा.

मी रोज एक गोळी घेते. कसली, ते इथेही लिहावंसं वाटत नाही. शिकवण्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. फॉर्म भरायला नकार दिला तर नोकरी जाईल का, आणि व्हिसावर परिणाम होईल का? घरी विचारलं तर 'नवीन जागा आहे, कशाला वाद घालतेस' एवढंच उत्तर मिळालं."

---

प्रेषक: मंदार

ताई, फार विचार करू नका असं माझं मत. आमच्या ऑफिसात दरवर्षी सगळे रांगेत उभे राहतात, खाली तपासणीची बस येते, अर्ध्या तासात मोकळे. रिपोर्टकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. जपानमध्ये ही पद्धतच आहे. आपण परदेशी, त्यात नवी नोकरी. द्या आणि विषय संपवा.

---

प्रेषक: शैला

मंदार, तुझं ऑफिस मोठं आहे रे. 50 किंवा जास्त माणसं असली की साङ्ग्योई, म्हणजे कामगारांच्या आरोग्यासाठीचा डॉक्टर, नेमावाच लागतो, आणि तुमचे रिपोर्ट त्याच्या हाताखालून जातात. हाकेन कंपनीच्या जिल्ह्याच्या ऑफिसात चार टेबलं असतात. तिथे पाकीट फोडणारा माणूस तोच, जो उद्या कुणाला कुठल्या शाळेवर पाठवायचं ते ठरवतो. पाकिटावर 'शिन्तेन' असा लाल शिक्का असतो, म्हणजे ज्याच्या नावाचं त्यानेच उघडायचं. मी ज्या कंपनीत होते तिथे सगळ्यांची पाकिटं कात्रीने उघडून, पंच करून एकाच फाइलला लावलेली असायची. फाइल फोटोकॉपी मशीनच्या वरच्या फळीवर. कुणाची साखर किती, हे शाई बदलायला आलेल्या माणसालाही दिसलं असतं.

आता ताईंसाठी. आधी नावडती गोष्ट सांगते. तपासणी मुळातच नाकारता येणार नाही. इथल्या कामगार सुरक्षा आणि आरोग्य कायद्याचं कलम 66 दोन्ही बाजूंना बांधतं: मालकाने तपासणी करायची आणि कामगाराने ती करून घ्यायची. आइची प्रांतातल्या एका शाळेतल्या शिक्षकाने किरणांच्या भीतीने छातीचा एक्स-रे नाकारला होता. त्याला पगारकपातीची शिक्षा झाली आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेव्हा 'माझं शरीर, माझी मर्जी' एवढ्यावर भागत नाही, निदान एक्स-रेच्या बाबतीत तरी.

पण त्याच कलमात पुढे लिहिलंय, की मालकाने ठरवलेल्या डॉक्टरकडे जायचं नसेल तर दुसऱ्या डॉक्टरकडून त्याच तपासण्या करून दाखला आणून दिला तरी चालतो. हे फारसं कुणी सांगत नाही. रुजू होतानाच्या तपासणीसाठी तर मागच्या तीन महिन्यांतला दाखला असेल तर पुन्हा करायचीही गरज नाही.

'त्याच तपासण्या' म्हणजे कोणत्या, तेही नियमात नावानिशी आहे. पूर्वीचे आजार आणि कामाचा इतिहास, सध्याची लक्षणं, उंची-वजन-कंबर-दृष्टी-श्रवण, छातीचा एक्स-रे, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लाल पेशी, यकृताच्या तपासण्या, कोलेस्टेरॉल, साखर, लघवी, ईसीजी. अशा 11 बाबी. यात हिपॅटायटिस नाही, एचआयव्ही नाही, गर्भधारणेची तपासणी तर नाहीच. कंपनीने टाइप केलेल्या ओळी कायद्यातल्या नाहीत, कंपनीच्या डोक्यातल्या आहेत.

एचआयव्हीबद्दल 1995 पासून कामगार मंत्रालयाची मार्गदर्शक सूचना आहे, की नोकरीवर घेताना ही तपासणी करू नये. 2003 साली टोकियो जिल्हा न्यायालयाने थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन निकाल दिले. एकात पोलीस अकादमीने भरती झालेल्याला न सांगता एचआयव्ही तपासणी केली होती, दुसऱ्यात एका वित्तसंस्थेने उमेदवाराची हिपॅटायटिस बीची. दोन्ही बेकायदा ठरल्या. 2019 मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने तर एका इस्पितळाला 16 लाख 50 हजार येन भरायला लावले, कारण एचआयव्हीबद्दल मुलाखतीत सांगितलं नाही म्हणून त्यांनी उमेदवाराची नाइतेई मागे घेतली होती. इस्पितळात सांगणं बंधनकारक नाही, तर पाचवीच्या वर्गात 'हॅलो, हाऊ आर यू' म्हणायला का असावं?

शाळेला प्रत देण्याचा तर प्रश्नच येत नाही. हाकेनमध्ये सर्वसाधारण तपासणीची जबाबदारी पाठवणाऱ्या कंपनीची असते, जिथे काम करता त्या शाळेची नाही. क्योतो-सेन्सेईंनी ती मागितलीही नसेल, असं मला वाटतं. बऱ्याचदा कंपनीच 'आम्ही किती चोख आहोत' हे दाखवायला पाठवते. 2017 पासून तपासणीचे निकाल हे इथल्या वैयक्तिक माहिती कायद्यात विशेष काळजी घ्यायच्या माहितीत मोडतात. तुमच्या संमतीशिवाय ते तिसऱ्याच्या हातात देता येत नाहीत.

खर्चाचंही तेच. मालकावर तपासणीची सक्ती आहे, म्हणून पैसे मालकाने द्यायचे, हे सरकारने 1972 सालीच स्पष्ट केलंय. पण यावर पहिल्याच दिवशी भांडू नका. पावती जपून ठेवा आणि नंतर मागा.

मेल असा लिहा: "नियमातल्या सर्व बाबींचा दाखला मी माझ्या डॉक्टरकडून आणून देते. इतर तपासण्या कोणत्या कामासाठी लागतात, निकाल कोण पाहणार आणि कुठे ठेवणार, हे कृपया लेखी कळवावे." एवढंच. कलमांचे आकडे पहिल्या मेलमध्ये नकोत. कलम काढलं की समोरचा बोलणं बंद करतो आणि प्रकरण हेड ऑफिसला जातं.

व्हिसाचं मनातून काढून टाका. तो इमिग्रेशनने दिलेला आहे, कंपनीने नाही, आणि त्याच्या नूतनीकरणात हा रिपोर्ट कुणी मागत नाही. समजा नोकरी सुटलीच, तर 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं आणि दुसरी शोधायची.

---

प्रेषक: नितीन

शैलाताईंचं बहुतेक सगळं पटलं, फक्त एका ठिकाणी अडतोय. मी मनुष्यबळ विभागात आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहितो.

औषधांचा रकाना सरसकट बेकायदा म्हणता येणार नाही. 11 बाबींत पहिलीच 'पूर्वीचे आजार' आहे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ते कळल्याशिवाय डॉक्टरला तुमच्या रक्तदाबाचा आकडा नीट वाचताच येणार नाही. प्रश्न विचारण्याचा नाही, कोण विचारतोय याचा आहे. मोन्शिनह्यो, म्हणजे तपासणीआधी भरायची प्रश्नावली, हा क्लिनिकचा कागद. तो तुम्ही डॉक्टरसमोर भरता आणि तिथेच ठेवता. इथे कंपनीने स्वतःच्या लेटरहेडवर स्वतःचाच मोन्शिनह्यो बनवलाय, घोळ तो आहे. ताईंनी डॉक्टरला खरं सांगावं, आणि कंपनीच्या दाखल्यावर काय उतरवणार हेही तिथेच विचारून घ्यावं. बहुतेक डॉक्टर समजून घेतात.

दुसरं, नुसतं 'प्रकृती उत्तम' लिहिलेली चिठ्ठी चालेल असं कुणी समजू नये. निकालात काही वेगळं निघालं तर कंपनीने तीन महिन्यांच्या आत डॉक्टरचं मत घ्यायचं असतं, आणि नोंदी 5 वर्षं ठेवायच्या असतात. तपासणीच केली नाही तर 5 लाख येनपर्यंत दंड कंपनीला होतो, कामगाराला नाही. म्हणून आमचे लोक मार्च-एप्रिलमध्ये कावल्यासारखे मागे लागतात. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. आळस मात्र असतो. कुठल्या तरी जुन्या फॉर्ममध्ये कुणीतरी एक ओळ घातली, ती कुणीच काढली नाही.

मानसोपचाराच्या रकान्याबद्दल मात्र मी ताईंच्या बाजूने आहे. कायद्याला याची किती काळजी आहे ते ताणतणाव तपासणीवरून दिसतं. 2015 च्या डिसेंबरपासून ती मोठ्या जागी सक्तीची आहे, आणि तिचा निकाल थेट कामगाराला जातो. त्याने संमती दिल्याशिवाय मालकाला तो बघताच येत नाही. मग तीच माहिती भरतीच्या फॉर्मवर फुकटात कशी मागता?

---

प्रेषक: अर्चना

मी दुबईतल्या शाळेत शिकवून इथे आले. तिथे रेसिडेन्सी व्हिसासाठी रक्त आणि एक्स-रे सरकारी केंद्रात देतात, एचआयव्ही आणि टीबी दोन्ही बघतात, आणि एचआयव्ही निघाला तर देश सोडावा लागतो. तिथे निवड नाही, हे निदान सगळ्यांना आधीच माहीत असतं. पण तो निकाल सरकार बघतं. इथे खासगी कंपनी सरकार असल्याच्या थाटात मागते, ते मला जास्त खटकलं.

दक्षिण कोरियाचं प्रकरणही सांगण्यासारखं आहे. 2007 पासून तिथे ई-2 व्हिसावरच्या परदेशी भाषाशिक्षकांना एचआयव्ही तपासणी लावली होती. कोरियन शिक्षकांना नाही, कोरियन वंशाच्या परदेशी शिक्षकांनाही नाही. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने पुन्हा तपासणी द्यायला नकार दिला, तिचा करार पुढे वाढला नाही. ती संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत गेली. 2015 मध्ये समितीने तिच्या बाजूने मत दिलं आणि 2017 मध्ये कोरियाने ती अट काढून टाकली. म्हणजे एका माणसाने विचारल्यावर दहा वर्षांची अट गेली, पण तिची नोकरी आधी गेली होती. मंदार, 'द्या आणि विषय संपवा' म्हणणं मला समजतं, पण विषय संपत नाही, तो पुढच्या माणसाच्या फॉर्मवर जातो.

---

प्रेषक: मंदार

मान्य. आमच्या बसमध्येही विचारून बघतो, रिपोर्ट नक्की कुणाकडे जातो ते. शैलाताई, ती शाईवाल्याची गोष्ट वाचून जरा हबकलोच.

---

प्रेषक: चिटणीस

ताईंचा निरोप आला आहे, जसाच्या तसा देतोय.

"सगळ्यांचे आभार. शैलाताईंनी सांगितला तसाच मेल पाठवला. आधी फोन आला, तो मी घेतला नाही, 'कृपया मेलवर लिहा' असं कळवलं. मग उत्तर आलं. हिपॅटायटिस आणि एचआयव्ही 'ऐच्छिक' आहे म्हणे. फॉर्मवर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. शाळेला प्रत नको. रिपोर्ट स्कॅन करून नाही, बंद पाकिटात हेड ऑफिसला. औषधांच्या रकान्यावर मात्र ते अडून आहेत. मी तो रिकामा ठेवून 'डॉक्टरांना सांगितले आहे' असं लिहिणार आहे. नितीनदादा, हे चालेल का? आणि क्लिनिकला फोन करताना नक्की काय मागायचं? मला वाचता येतं, पण फोनवर त-त प-प होतं."

---

प्रेषक: नितीन

चालेल. कंपनीला हवा तो दाखला डॉक्टरच्या सहीने येतोय, त्यावर पहिली बाब भरलेली असेल. त्याउपर त्यांना वेगळा रकाना कशाला हवा, ते त्यांनी सांगावं. फारच ताणलं तर जवळच्या रोदो किजुन कांतोकुशोमध्ये (कामगार कायदे पाळले जातात का ते बघणारं सरकारी कार्यालय) परदेशी कामगारांसाठी सल्ला मिळतो. नाव न सांगताही विचारता येतं. तिथे मात्र कलमांचे आकडे खुशाल काढा.

---

प्रेषक: शैला

फोनवर एवढंच म्हणायचं: "याटोइइरेजी केन्को शिन्दान ओनेगाइ शिताइ देस." रुजू होतानाची तपासणी एवढ्यावरून त्यांना कळतं, 11 बाबी तेच लावतात. दाखला किती दिवसांत मिळेल ते विचारा, काही ठिकाणी आठवडा लागतो. दर क्लिनिकनुसार बदलतो. हा विमा चालणारा खर्च नाही, म्हणून आधी किंमत विचारा आणि पावती कंपनीच्या नावे घ्या. लघवीच्या तपासणीआधी पाळी चालू आहे का ते विचारतील, तो प्रश्न कंपनीचा नाही, लघवीत रक्त दिसलं तर गफलत होऊ नये म्हणून असतो. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर एक्स-रेच्या आधीच सांगा. रक्ताच्या आधी काही खायचं नाही, आणि रोजची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही तेही फोनवरच विचारून ठेवा.

पाकिटात भरायच्या आधी दाखल्याची एक प्रत स्वतःसाठी काढा. पुढच्या वर्षी कंपनी बदलली तर लागते.