घर सोडून गेलेल्या मुलाच्या मृत्यूचा तपास: कोणती मालिका पाहावी?

घर सोडून गेलेल्या किशोरवयीन मुलाच्या किंवा मुलीच्या मृत्यूचा तपास हाच जिचा गाभा आहे, अशी एखादी मालिका कृपया सुचवावी. बहुतेक मालिकांत दुसऱ्या भागापासूनच ते मूल विसरले जाते आणि खुनी किती हुशार व तपास अधिकारी किती दुःखी, एवढेच उरते. रक्तपात बेताचा आणि पसारा आटोपशीर असावा. इंग्रजी चालेल.

प्रतिसाद १

आपली तक्रार रास्त आहे, आणि म्हणूनच १९९३ सालची 'प्राइम सस्पेक्ट ३' ही ब्रिटिश मालिका निःशंकपणे सुचवतो. लेखन लिंडा ला प्लांट यांचे असून जेन टेनिसन या पोलीस अधिकारी स्त्रीच्या भूमिकेत हेलन मिरेन आहेत. टेनिसन लंडनच्या सोहो भागातील देहविक्रयविरोधी पथकात रुजू होते न होते तोच, रस्त्यावर शरीर विकून जगणारा कॉनी नावाचा मुलगा एका फ्लॅटला लागलेल्या आगीत मरण पावतो. फ्लॅट व्हेरा या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रीचा, ती त्या वेळी क्लबमध्ये गात असते. व्हेराची भूमिका पीटर कॅपाल्डी यांनी अशी केली आहे की, पुढे 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा नायक म्हणून जगाला माहीत झालेला नट हाच, यावर पटकन विश्वास बसत नाही.

तपासाची खरी अडचण साक्षीदारांची आहे. कॉनीला ओळखणारी मुले त्याच्यासारखीच निराधार. पोलिसांना खरे सांगावे तर रात्री त्याच रस्त्यावर, त्याच माणसांच्या तावडीत परतायचे, हे त्यांना पक्के ठाऊक असल्यामुळे ती बोलायलाच कचरतात. दुसरीकडे, धागे बड्या लोकांपर्यंत पोहोचू लागताच वरिष्ठांना प्रकरण लवकर मिटवण्याची घाई होते. कॉनी कोण होता, याचा उलगडा शेवटपर्यंत थोडा थोडा होत राहतो, त्यामुळे तो विसरला जात नाही. मालिकेला १९९४ मध्ये सर्वोत्तम लघुमालिकेचे एमी पारितोषिक मिळाले. मात्र विषय बालकांच्या लैंगिक शोषणाचा आहे आणि व्हेराविषयी पोलिसांच्या तोंडी असलेली भाषा आज कानाला बोचते, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रतिसाद २

वरील शिफारशीस अनुमोदन. जोडीला अमेरिकन 'द किलिंग'चे तिसरे पर्व (२०१३) पाहावे. सिॲटलच्या रस्त्यांवर राहणाऱ्या, घरातून निघालेल्या मुलींचे खून हा विषय आहे. कॅली नावाची मुलगी रात्री आईच्या दाराशी येऊन आसरा मागते आणि आई तिला परत पाठवते. तो प्रसंग छोटासाच आहे, पण पुढे आईच्या वाट्याला जे येते ते सारे त्यातून उगवते. कॅलीला शोधणारी बुलेट ही तिची मैत्रीण मला दोन्ही तपास अधिकाऱ्यांपेक्षा जिवंत वाटली. भाग बारा आहेत आणि मधले दोन-तीन रेंगाळतात. शिवाय मृतदेहांची दृश्ये आहेत, म्हणजे आपल्या अटीत हे पर्व पुरते बसत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. आधीची पर्वे पाहणे आवश्यक आहे काय?

प्रतिसाद १

'प्राइम सस्पेक्ट'ची गोष्ट स्वतंत्र आहे. तरी १९९१ची पहिली मालिका पाहिली असल्यास, टेनिसनचा तेव्हा उघड दुस्वास करणारा सार्जंट ऑटली इथे पुन्हा तिच्याच हाताखाली येतो, त्यातील गंमत अधिक कळते. संवाद लंडनच्या बोलीत आणि भराभर आहेत. उपशीर्षके चालू ठेवावीत.