डीसी ऑफसेट: सरासरी वजा केली की काम संपते का?

शून्यरेषा:
“सरासरी काढा, वजा करा, विषय संपला, फिल्टर कशाला?” असे परवा येथे कोणीतरी ठासून लिहिले आणि त्यावर माना डोलल्या, म्हणून डीसी ऑफसेटवर, म्हणजे सगळा सिग्नल शून्यरेषेच्या वर किंवा खाली सरकून बसण्यावर, हा धागा. सरासरीसाठी संपूर्ण सिग्नल हाताशी असावा लागतो, आणि सेन्सर तापत गेला की ऑफसेटही सरकत जातो. मग एकच आकडा सगळीकडे वजा करून काय साधणार? नव्या इनपुटमधून मागचे इनपुट वजा करून मागच्या आउटपुटची ०.९९५ पट मिळवली, की चालू प्रवाहातच ऑफसेट निघतो.

काटकोन:
ते ‘कोणीतरी’ मीच. आपल्या ०.९९५ चा कटऑफ (ज्याखालच्या वारंवारता फिल्टर दाबतो ती सीमा) ४४,१०० हर्ट्झच्या सॅम्पलिंगला, म्हणजे सेकंदाला तितके नमुने घेतले तर, सुमारे ३५ हर्ट्झ येतो, म्हणजे ऑफसेटबरोबर खर्जही गेला. ईसीजीत एसटी भाग (प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरचा सपाट तुकडा) विकृत होऊ नये म्हणून कटऑफ ०.०५ हर्ट्झपर्यंत खाली ठेवतात, तो काय हौसेने? पूर्ण नोंद हाती असताना सरासरी वजा केली तर तरंगाचा आकार तसूभरही बदलत नाही.

शून्यरेषा:
मग ०.९९९ घ्या, ७ हर्ट्झ येईल. फक्त स्थिरावायला पाचपट वेळ लागेल.

बारा_बिट:
दोघेही फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे अपूर्णांक सांभाळणाऱ्या गणिताच्या, सुखात आहात. मी हाच ०.९९५ चा फिल्टर १६ बिटांच्या फिक्स्ड पॉइंटमध्ये (ठराविक बिटांच्या पूर्णांकी गणितात) लिहिला आणि गुणाकारानंतर खालचे १५ बिट छाटले. इनपुट शून्य केले तरी आउटपुट −१९९ वर ठाण मांडून बसले. दोन रात्री मी एडीसीला (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपला) दोष देत होतो.

काटकोन:
राउंडिंग करायचे सुचले नाही?

बारा_बिट:
सुचले. मग ते कधी −९९ वर अडकू लागले, तर कधी +९९ वर. फुकट सल्ल्याबद्दल आभार.

शून्यरेषा:
धागा डीसी ऑफसेटचा आहे, आपल्या छाटणीचा नव्हे.

बारा_बिट:
ऑफसेट काढणारा फिल्टरच नवा ऑफसेट घालत असेल, तर तो धाग्याबाहेरचा विषय कसा, हे आपणच सांगावे. छाटलेले बिट जपून पुढच्या सॅम्पलच्या गणितात मिळवले, तेव्हा कोठे आउटपुट शून्यावर आले.

काटकोन:
थोडक्यात, ‘एका ओळीचा’ फिल्टर दोन रात्री खातो. चालू प्रवाहाला तो लागतो, एवढे मान्य करतो. एफएफटीसाठी (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या काढण्याच्या गणितासाठी) मात्र मी सरासरीच वजा करणार.

शून्यरेषा:
अवश्य करा, फक्त विंडो (तुकड्याच्या कडा शून्याकडे उतरवणारा गुणक) लावण्याआधी करा. नाहीतर हॅन विंडो तोच ऑफसेट शेजारच्या बिनमध्ये, म्हणजे वारंवारतेच्या कप्प्यात, सांडेल आणि आपण त्याला सिग्नल समजाल.

काटकोन:
एकदा समजलो होतो.