मदत हवी आहे: वजनाच्या बायपासनंतर ताईचे पाय बधीर होतायत, बी १२ मात्र भरपूर आहे

नमस्कार मंडळी,

मोठ्या बहिणीसाठी विचारतेय. वय ४६, राहते सांगलीत. तीन वर्षांपूर्वी पुण्यात तिची मिनी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन, झाली. तेव्हा वजन ११८ किलो होतं, आता ७१ आहे. साखरेच्या गोळ्या सुटल्या, गुडघे हलके झाले. ऑपरेशनबद्दल तिची काहीच तक्रार नाही, आणि मला इथे त्या चर्चेत शिरायचंही नाही.

गेल्या दिवाळीपासून तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. दोन्ही पायांना सारख्याच. मग बधिरपणा घोट्यापर्यंत चढला. आता चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि तिला पत्ताच नसतो, मागून कोणी सांगितलं की कळतं. बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. जिना उतरताना पायरीकडे बघितल्याशिवाय पाऊल टाकत नाही. गादीवरून चालल्यासारखं वाटतं म्हणते. दुखत फारसं नाही, म्हणून घरात सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही.

आत्तापर्यंत झालेलं असं: फॅमिली डॉक्टरांनी बी १२ तपासलं, १४८ आलं, म्हणजे कमी. आम्ही शाकाहारी, त्यात बायपास, त्यामुळे कोणालाच नवल वाटलं नाही. मिथाइलकोबालामिनच्या, म्हणजे बी १२ च्याच, इंजेक्शनांचा कोर्स झाला, आता महिन्याला एक चालू आहे. नव्या रिपोर्टमध्ये बी १२ '२००० पेक्षा जास्त' आहे. तरी चाल बिघडतेच आहे. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढला, एल ४ - एल ५ ला गादी थोडी सरकली आहे म्हणाले, फिजिओथेरपी लिहून दिली. हिमोग्लोबिन ९.४, पांढऱ्या पेशी २,९००, दोन्ही कमी. लोह कमी असेल म्हणून गोळ्या दिल्या, त्यानेही हिमोग्लोबिन हललं नाही.

बी १२ इतकं भरलेलं असताना नसांचा त्रास वाढू शकतो का? आणि आता कोणाकडे जायचं, पुन्हा पुण्याच्या सर्जनकडे की न्यूरोलॉजिस्टकडे? कृपया ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी लिहा.

सूर्यफूल

ताईंना उलट्या होत होत्या का? माझी स्लीव्ह (जठर लहान करायचं वजनाचं ऑपरेशन) झाली तेव्हा दुसऱ्या महिन्यात काहीच पोटात ठरत नव्हतं. आठवडे गेले. मग पायातली ताकद गेली, एका वस्तूच्या दोन दिसायला लागल्या, बोलताना विसंगत बोलू लागले. घरच्यांना अशक्तपणा वाटला. ते बी १, म्हणजे थायमिन संपल्याने होतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, बी १२ सारखा वर्षानुवर्षं पुरत नाही. ज्या डॉक्टरांनी ओळखलं त्यांनी ग्लुकोज लावायच्या आधी शिरेतून थायमिन दिलं. बी १ संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूचं नुकसान वाढू शकतं, हे मला नंतर समजलं.

ताईंचं चित्र हळूहळू चढलेलं दिसतंय, माझ्यासारखं नाही. पण हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते: ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील आणि त्यात नजर, तोल किंवा बोलणं बदललं तर ओपीडीच्या नंबराची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत जा आणि वजनाचं ऑपरेशन झालंय हे पहिल्या वाक्यात सांगा.

वाटाड्या

मी न्यूरोलॉजीत काम करतो. इथून निदान करणार नाही, पण तुम्ही फार नेमकं लिहिलंय, म्हणून थोडं सविस्तर.

चप्पल निसटणं आणि डोळे मिटल्यावर झोक जाणं, ही दोन्ही लक्षणं 'पाय कुठे आहे' ही खबर मेंदूपर्यंत पोचत नसल्याची आहेत. ती खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाते. कमरेच्या गादीने हे असं होत नाही. एल ४ - एल ५ च्या पातळीला मज्जारज्जू संपलेला असतो, त्यामुळे त्या एमआरआयमध्ये तो भाग दिसलाच नसणार. मानेचा आणि पाठीचा काढावा लागेल.

दुसरं, इंजेक्शन चालू असताना बी १२ चा आकडा आभाळाला टेकतोच. इंजेक्शन पोचलं एवढाच त्याचा अर्थ. होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासलं तर पेशींना बी १२ पुरतंय का याचा अंदाज येतो. आणि बी १२ खरंच पुरत असूनही चाल बिघडत असेल तर कमतरता दुसऱ्या कशाची तरी आहे, असं धरून शोधायचं.

वजनाच्या ऑपरेशननंतर नसांचा त्रास दुर्मीळ नाही. मेयो क्लिनिकने २००४ मध्ये ४३५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली होती, त्यात ७१ जणांना तो झाला होता. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या १२६ जणांत फक्त चौघांना. ज्यांचं वजन भराभर उतरलं, पोटाच्या तक्रारी लांबल्या, आणि जे आहाराच्या तपासणीला जात नव्हते, त्यांच्यात प्रमाण जास्त. त्यातल्या बऱ्याच जणांची एकच नस दबलेली होती. चरबी गेल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस उघडी पडते, मांडीवर मांडी टाकून बसलं की दबते आणि एक पाऊल लुळं पडतं. ताईंचं दोन्ही बाजूंनी सारखं आहे, म्हणून तो विचार मागे ठेवतो.

आता मला फक्त एक सांगा. ताई रोज काय काय घेतात? डॉक्टरांनी लिहिलेलं, दुकानातून आणलेलं, केसांसाठी, त्वचेसाठी, आयुर्वेदिक, सगळं.

धागाकर्ती

खूप आभार. ताईला फोन करून डबाच उघडायला लावला. मल्टिव्हिटॅमिन पहिलं वर्षभर होतं, नंतर बंद पडलं. कॅल्शियम, डी ३ चं आठवड्याचं पाकीट, लोह, रिकाम्या पोटी पॅन्टोप्राझोल. ऑपरेशननंतर केस मुठीने जात होते तेव्हा एका पार्लरवालीने झिंक सुचवलं, ५० मिलिग्रॅमची गोळी. सकाळ-संध्याकाळ घेते, दीड वर्ष तरी झालं असेल. केस थांबले म्हणून तिचा त्यावर फार विश्वास आहे.

वाटाड्या

सीरम कॉपर (रक्तातलं तांबं), सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि सीरम झिंक या तपासण्या उद्याच करा. आणि झिंक थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी आजच फोनवर बोला.

कारण सांगतो. तांबं जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि बायपासमध्ये नेमका तोच रस्ता वगळला जातो. त्यावर झिंक जास्त गेलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन बनवायला लागतात. ते तांब्याला घट्ट धरून ठेवतं. काही दिवसांत त्या पेशी गळून पडतात आणि तांबं शौचावाटे निघून जातं. अन्नात तांबं असूनही रक्तापर्यंत पोचत नाही. वजनाच्या ऑपरेशननंतर १ मिलिग्रॅम तांब्यामागे ८ ते १५ मिलिग्रॅम झिंक असं प्रमाण ठेवायला सांगतात. ताईंना १०० जातंय, आणि मल्टिव्हिटॅमिन बंद असल्याने तांब्याची भर शून्य.

तांब्याच्या कमतरतेने मज्जारज्जूचं होणारं नुकसान बी १२ सारखंच दिसतं, एमआरआयवरसुद्धा. सोबत हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी दोन्ही उतरतात. तुमचा २,९०० चा आकडा वाचल्यापासून माझ्या मनात हेच होतं.

कोकणकडा

मग रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून सकाळी प्यायला दिलं तर? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पितात.

वाटाड्या

निरोगी माणसाने प्यावं, हरकत नाही. इथे अडचण शोषणाची आहे, आणि पाण्यात किती उतरलं याचं माप नाही. मज्जारज्जूचं नुकसान चालू असताना मोजून डोस द्यावा लागतो, तोही रक्त तपासत. त्या पाण्यावर विसंबून तपासणी पुढे ढकलली जाऊ नये एवढंच.

परीक्षानळी

मी लॅबमध्ये आहे. तांबं-झिंकसाठी रक्त ट्रेस एलिमेंटच्या गडद निळ्या टोपणाच्या नळीत घ्यायला सांगा, साध्या नळीतून धातूचा अंश मिसळू शकतो. छोट्या गावातल्या सेंटरवर ती नळी नसते, आधी फोन करून विचारा. आणि अंगात ताप, संसर्ग असेल किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर सेरुलोप्लाझ्मिन फुगून येतं, कमतरता असूनही ठीक दिसू शकतं. डॉक्टरांना ते सांगा.

धागाकर्ती

रिपोर्ट आले. सीरम कॉपर १९, कागदावर खालची मर्यादा ७० लिहिली आहे. सेरुलोप्लाझ्मिनही खूप कमी. झिंक वर. न्यूरोलॉजिस्टनी मानेचा एमआरआय काढला, मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला पांढरा पट्टा दाखवला. झिंक बंद, तांब्याचा डोस सुरू, बी १२ चालूच राहणार, बी १ आणि इ जीवनसत्त्वही तपासायला दिलंय. ताई रडली, पण मला वाटतं सुटल्यासारखं होऊन रडली. इतके महिने सगळे तिला 'मनाचं आहे' म्हणत होते.

वाटाड्या, पाय पूर्ववत होतील का? खरं सांगा.

वाटाड्या

रक्ताचे आकडे बहुतेक काही आठवड्यांत सुधारतील. नसांचं तसं नाही. बिघडणं थांबतं, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं. सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने येते आणि अनेकांत थोडा बधिरपणा कायम राहतो. ताई अजून स्वतः चालतायत, ही मोठी जमेची बाजू. तांब्याची पातळी ठरावीक काळाने पुन्हा बघत राहा, बायपास जन्मभराची आहे. आणि बी ६ जास्त असलेल्या 'नसांच्या' गोळ्या कोणी लिहिल्या तर मात्रा विचारून घ्या, बी ६ दीर्घकाळ जास्त गेलं तर त्यानेही पाय बधीर होतात.

धागाकर्ती

समजलं. मागचा भाग उघडा नसलेली, टाचेला पट्टा असलेली पादत्राणं आजच आणली, बाथरूममध्ये दांडी बसवतोय, रात्रीचा दिवा चालू ठेवतोय. आता एकच मदत हवी आहे: तोल सुधारण्याचे व्यायाम नीट शिकवणारे, म्हणजे कमरेला शेक देऊन परत न पाठवणारे फिजिओथेरपिस्ट सांगली-मिरज भागात कोणाच्या माहितीत असतील तर कृपया मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. आठवड्यातून तीनदा घेऊन जायची आमची तयारी आहे.